खाली सही करणार

गुप्तचर खात्याविरुद्ध गाऱ्हाणं मांडायचं, तर कागदावर आधी स्वतःचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझ्या घरावर कोणीतरी नजर ठेवून असतं, हातातोंडाशी आलेली नोकरी गेली आणि कारण कोणी सांगत नाही, नागरिकत्वाचा अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात पडलाय, अशी ज्याची तक्रार, त्यानेच मी कोण, कुठे राहतो, कोणत्या संघटनेत आहे, हे सगळं सरकारला लेखी कळवायचं. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात एक चौकशी आयोग नेमला गेला आणि लोकांनी हे धाडस केलं. त्या आयोगाचं दप्तर आज इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहे. मेलबर्नमध्ये राहून मी त्या काळातले कागद वाचत आले आहे आणि त्यांच्याबद्दल मराठीत लिहायला हवं, असं मनात घोळत राहिलं आहे.

थोडी मागची हकिगत सांगते. ऑस्ट्रेलियन सिक्युरिटी इंटेलिजन्स ऑर्गनायझेशन एवढं लांबलचक नाव इथे कोणी घेत नाही, सगळे एझिओ म्हणतात. पंतप्रधान बेन चिफली यांनी १६ मार्च १९४९ रोजी हे खातं सुरू केलं. शीतयुद्धाचे दिवस होते. कॅनबेरातली गुपितं मॉस्कोला पोचतात, अशी ब्रिटन-अमेरिकेची तक्रार होती आणि तिच्यात तथ्यही होतं. चिफली मजूर पक्षाचे. पण त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचा पक्ष सत्तेवरून गेला, तो थेट डिसेंबर १९७२ मध्ये परतला. मधल्या तेवीस वर्षांत एझिओची नजर प्रामुख्याने डावीकडे राहिली. कम्युनिस्ट पक्ष तर होताच, पण कामगार संघटना, शांतता परिषदा, व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे मोर्चे, विद्यापीठं, लेखक, नाटकवाले हेही त्या नजरेत आले. १९५४ मध्ये कॅनबेरातल्या सोव्हिएत वकिलातीतल्या व्लादिमीर पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागितला. त्या प्रकरणानंतर मजूर पक्ष फुटला, आणि एझिओने आपला घात केला, हा सल पक्षातल्या अनेकांच्या मनात कायमचा राहिला.

म्हणून १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम यांचं सरकार आलं, तेव्हा खातं आणि सरकार एकमेकांकडे संशयानेच बघत होते. मार्च १९७३ मध्ये युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान ज्येमाल बिएदिच ऑस्ट्रेलियाला यायचे होते. इथल्या युगोस्लाव्हियाविरोधी क्रोएशियन अतिरेक्यांबद्दलची माहिती एझिओ आपल्यापासून दडवतंय, असं अॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांना वाटलं. १५ मार्चच्या रात्री ते खात्याच्या कॅनबेरातल्या कार्यालयात गेले आणि सकाळी विमानाने मेलबर्नला येऊन सेंट किल्डा रोडवरच्या मुख्यालयात शिरले. पोलिसांनी तिजोऱ्या सील केल्या. ज्या मंत्र्याच्या हाताखाली हे खातं, त्यानेच त्यावर धाड घातली, आणि तीही खात्याच्या चोविसाव्या वाढदिवशी. देशभर गदारोळ उठला. या सगळ्याची नीट चौकशी झाली पाहिजे, ही मागणी पुढे टळण्यासारखी राहिली नाही.

२१ ऑगस्ट १९७४ रोजी रॉयल कमिशन, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो चौकशी आयोग, नेमलं गेलं. न्यायमूर्ती रॉबर्ट मार्सडन होप हे त्याचे एकमेव आयुक्त. न्यायाधीश होण्याआधी ते न्यू साउथ वेल्समधल्या नागरी स्वातंत्र्याच्या परिषदेचे अध्यक्ष होते. त्यामुळे डाव्यांना ते आपले वाटले असतील आणि खात्यातल्या लोकांच्या पोटात गोळा आला असेल. प्रत्यक्षात होप यांनी दोघांचंही सगळं मान्य केलं नाही. देशाला असं खातं लागतं, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. पण ते कायद्याच्या चौकटीत आणि मंत्र्याला उत्तरदायी राहून चाललं पाहिजे, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं. मला या माणसाविषयी आदर वाटतो, तो या ठामपणासाठी.

कमिशनने लोकांकडून निवेदनं स्वीकारली. बरचसं कामकाज बंद दाराआड चाललं, कारण विषयच तसा. पण टपालाने निवेदन पाठवायला कोणाला मज्जाव नव्हता.

एझिओच्या जुन्या फायली मी आधी वाचल्या आणि निवेदनांकडे नंतर वळले, त्यामुळे दोन्हींतला फरक मला फार लागला. व्यक्तींवरच्या फायली अभिलेखागारात ए ६११९ या मालिकेत आहेत. यातलं एखादं पान बघा. टंकलेखन केलेला अहवाल असतो. अमुक तारखेला, अमुक सभागृहात सभा झाली आणि खालील व्यक्ती हजर होत्या. आडनावं मोठ्या अक्षरांत. त्यांच्या शेजारी हाताने लिहिलेले फाइलचे आकडे, म्हणजे या पानाची नक्कल कोणाकोणाच्या फाइलला लागली ते कळतं. मोर्चांचे फोटो आहेत. चालणारी माणसं हसतायत, एकीच्या कडेवर मूल आहे, आणि डोक्यांजवळ आकडे टाकलेत. आपल्याकडच्या पोलिसांच्या कागदात 'सदर इसम' जसा येतो आणि जातो, तशी ही माणसं त्या पानांतून येतात-जातात. कोणी तरी त्यांच्याबद्दल बोलतंय. ती स्वतः एक अक्षर बोलत नाहीत.

पानांवर मधेच कोऱ्या किंवा काळ्या पट्ट्या येतात. १९८३ च्या अभिलेख कायद्यानुसार जुने सरकारी कागद लोकांसाठी खुले करावे लागतात. तेव्हा ही मुदत तीस वर्षांची होती, २०१० नंतर ती टप्प्याटप्प्याने वीसवर आणली. पण कलम ३३ खाली काही मजकूर झाकता येतो. देशाच्या सुरक्षेला बाधा येत असेल, गोपनीय खबर देणाऱ्याची ओळख उघड होत असेल, एखाद्याचं खासगी आयुष्य विनाकारण चव्हाट्यावर येत असेल, तर तो भाग राखून ठेवतात. सूचीमध्ये अशा फाइलपुढे 'अपवादांसह खुली' अशा अर्थाचा शेरा असतो. परिणाम असा होतो, की सभेला कोण गेलं होतं ते आपल्याला कळतं, पण त्याची खबर कोणी दिली ते कळत नाही. ज्याच्यावर पाळत होती त्याचं नाव उघडं, ज्याने ठेवली त्याचं झाकलेलं. यामागचं कारण मला समजतं. खबऱ्याला शब्द दिलेला असतो आणि तो मोडला, तर पुढे कोणी तोंड उघडणार नाही. तरीही ते पान हातात धरलं की छातीत काहीतरी अडकतं. त्या सभेला गेलेल्यांची मुलं-नातवंडं आजही याच शहरात असतील. फाइल वाचून त्यांना एवढंच कळेल, की त्या खोलीत बसलेल्या वीस-पंचवीस जणांपैकी एकाने हे सगळं लिहून दिलं होतं.

निवेदनाचं तसं नसतं. त्यात माणूस स्वतःच बोलतो. आपल्याकडच्या दस्तांत सुरुवातीलाच लिहितात, 'मी खाली सही करणार', तोच बाणा इथे आहे. वर पत्ता, तारीख, मायना, मग मजकूर आणि शेवटी सही. लिहिणाऱ्याला सगळं सुसंगत मांडता येतंच असं नाही. जे घडलं ते आणि जे घडलं असावं असं वाटतं ते, यांची सरमिसळ होते. ज्याच्यावर खरोखर पाळत होती त्याच्याकडे पुरावा नाही, आणि ज्याच्यावर नव्हती त्याच्याकडेही नाही. म्हणून दोघांचीही पत्रं सारखीच दिसतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गुप्त पाळतीचं सगळ्यात मोठं नुकसान फाइल असलेल्या माणसापुरतं थांबत नाही. फाइल नसलेला माणूसही आपली गेलेली नोकरी, न आलेलं पत्र, फोनमधली खरखर यांना एकाच धाग्यात ओवायला लागतो, आणि तसं नाही हे त्याला कोणी सांगू शकत नाही. १९६० च्या कायद्याने अॅटर्नी जनरलच्या परवान्यावर एझिओला फोन ऐकता येत होते. तेव्हा फोनबद्दलची शंका वेडेपणाची होती, असंही म्हणता यायचं नाही.

कोणाच्याही निवेदनातला मजकूर मी इथे देणार नाही. कागद कायद्याने खुले असले, तरी ज्यांनी ते लिहिले त्यांनी एका न्यायाधीशाला उद्देशून लिहिले होते. परदेशात, परक्या भाषेत, पन्नास वर्षांनी कोणी ते वाचेल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

नागरिकत्वाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण इथे येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांचा जीव त्यात गुंतलेला असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने युरोपातून लाखो माणसं बोलावली. त्यांत इटली आणि ग्रीसमधून आलेले डाव्या विचारांचेही होते. नागरिकत्व देणं-न देणं मंत्र्याच्या मर्जीवर होतं, अर्जदाराची सुरक्षा-तपासणी एझिओ करायचं, आणि नकाराचं कारण सांगण्याचं बंधन कोणावर नव्हतं. कारणच माहीत नसेल, तर उत्तर कशाचं देणार? अपील कोणाकडे करणार? माणूस वीस वर्षं इथल्या कारखान्यात राबतोय, मुलं इथे जन्मलीत, आणि एक दिवस दोन ओळींचं पत्र येतं, की आपला अर्ज मंजूर झालेला नाही. नागरिकत्व नाही म्हणून मतदान नाही, ठरावीक सरकारी नोकऱ्या नाहीत, आणि मायदेशी लष्करी राजवट असेल तर परतायची सोयही नाही. ग्रीसमध्ये १९६७ ते १९७४ अशी राजवट होती.

माझ्या शेजारी एक ग्रीक आजोबा राहायचे. अशा दोन ओळींचं पत्र त्यांनाही आलं होतं. अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली बसून त्यांनी मला ते सांगितलं, आवाज न चढवता. कामगारांच्या क्लबात ते पत्ते खेळायला जायचे, तेवढंच कारण त्यांना सुचत होतं. पुढे नागरिकत्व मिळालं. होप कमिशन बसलं तेव्हा तुम्ही लिहिलंत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, 'इंग्रजीत कोण लिहून देणार? आणि मिळालेला कागद हातातून जायचा.' अभिलेखागारातल्या निवेदनांचा विचार करताना मला नेहमी हे आठवतं. दप्तरात जे आहे ते लिहिणाऱ्यांचं आहे. ज्यांना सगळ्यात जास्त सोसावं लागलं, त्यांच्यातले कितीतरी जण लिहिण्याच्या वाटेला गेलेच नाहीत. इतिहास लिहिणाऱ्याने ही गैरहजेरीसुद्धा हिशोबात धरायला हवी.

कमिशनचं काम चालू असताना एक मोठी उलथापालथ झाली. ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरलने व्हिटलम सरकार बरखास्त केलं आणि माल्कम फ्रेझर पंतप्रधान झाले. ज्यांनी मजूर पक्षाच्या सरकारवर भरवसा ठेवून आपली गाऱ्हाणी लिहून दिली, त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? आपला कागद आता कोणाच्या हातात आहे? फ्रेझर यांनी कमिशन गुंडाळलं नाही, होप यांना काम पुरं करू दिलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. एकूण आठ अहवाल झाले. त्यांतले फक्त काही १९७७ मध्ये संसदेपुढे आले. बाकीचे, आणि कमिशनचं दप्तर, २००८ मध्ये अभिलेखागाराने खुले केले.

होप यांना एझिओच्या फायली इतक्या विस्कळीत अवस्थेत आढळल्या, की अनेक आरोपांची शहानिशा करणंच त्यांना अशक्य झालं. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. लोकांनी जीव मुठीत धरून लिहिलं, आणि बऱ्याच जणांना 'तुमचं खरं होतं' किंवा 'तुमचा गैरसमज होता' यांपैकी एकही उत्तर मिळालं नाही. पण त्या निवेदनांमधून आणि साक्षींमधून जे समोर आलं, ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. सुरक्षेच्या कारणावरून नोकरी किंवा नागरिकत्व नाकारलं, तर त्याविरुद्ध दाद मागायला न्यायाधिकरण हवं, अशी शिफारस होप यांनी केली. १९७९ च्या एझिओ कायद्याने ते अस्तित्वात आलं.

त्याच कायद्याने एझिओचे अधिकारही वाढवले. त्याआधी वर्षभर, १३ फेब्रुवारी १९७८ ला मध्यरात्र उलटल्यावर, सिडनीच्या हिल्टन हॉटेलबाहेर कचऱ्याच्या पेटीत बॉम्ब फुटला आणि दोन सफाई कामगार आणि एक पोलीस मारले गेले. हॉटेलात राष्ट्रकुलातल्या देशांचे नेते उतरले होते, त्यांत भारताचे पंतप्रधान मोरारजी देसाईही होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले मोरारजीभाई आपल्या जुन्या पिढीला चांगलेच ठाऊक. त्या स्फोटानंतर सुरक्षाव्यवस्थेचा आढावा घ्यायचं काम फ्रेझर यांनी पुन्हा होप यांच्याकडेच दिलं. पाळतीविरुद्ध लोकांनी लिहिलेलं ऐकून घेणारा आणि कचऱ्याच्या पेटीतल्या बॉम्बनंतर बंदोबस्त कसा असावा हे सांगणारा, एकच माणूस. म्हणून मला त्यांचं म्हणणं कोरडं वाटत नाही.

१९८३-८४ मध्ये त्यांनी आणखी एक रॉयल कमिशन चालवलं. त्यानंतर १९८६ मध्ये गुप्तचर खात्यांवर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकाचं पद कायद्याने निर्माण झालं, आणि एझिओच्या कायद्यात १७ए हे छोटंसं कलम आलं. कायदेशीर मार्गाने मत मांडणं, निषेध करणं किंवा असहमत असणं, एवढ्यावरून कोणी सुरक्षेला घातक ठरत नाही, असा त्याचा आशय. कुठल्या निवेदनातून हे कलम आलं, असं बोट दाखवता येणार नाही. पण मोर्चातल्या त्या आकडे टाकलेल्या डोक्यांशी त्याचं नातं आहे, असं माझं मत आहे.

आणखी एक वाद मला छळतो. साउथ ऑस्ट्रेलियात पोलिसांच्या स्पेशल ब्रँचने हजारो निरुपद्रवी लोकांच्या नोंदी ठेवल्या होत्या. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या चौकशीत ते उघड झालं, आणि मुख्यमंत्री डॉन डन्स्टन यांनी जानेवारी १९७८ मध्ये पोलीस आयुक्तांना बडतर्फ केलं. गैरलागू नोंदी नष्ट करण्याचा आदेश निघाला. ज्यांच्या नावाच्या त्या नोंदी, त्यांना सुटल्यासारखं वाटलं असणार, आणि त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? तरी मी कागद राखण्याच्या बाजूची आहे. मात्र ज्याची नोंद, त्याला ती आधी वाचता आली पाहिजे आणि तिच्यात आपलं म्हणणं जोडता आलं पाहिजे. जाळलेल्या कागदाबरोबर तो लिहिणाराही सुटतो.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात इंग्रजांच्या पोलिसांनी टिळकांपासून गावोगावच्या कार्यकर्त्यांपर्यंत ठेवलेल्या पाळतीचे कागद आहेत, आणि स्वातंत्र्यलढ्याचा कितीतरी इतिहास आपण त्यांतूनच लिहिला. स्वतंत्र भारतातल्या पाळतीचं दप्तर मात्र आपल्याला दिसत नाही. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये शहा आयोगाकडे ४८ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. येरवडा आणि नाशिक रोडच्या तुरुंगांत मिसाखाली माणसं डांबलेली होती, ती आठवण महाराष्ट्रात कितीतरी घरांत अजून ताजी आहे. त्याच सुमारास इंटेलिजन्स ब्युरो आणि सीबीआयच्या कारभाराविषयी एल. पी. सिंग समिती बसली, तिचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. इंटेलिजन्स ब्युरोला आजही स्वतःचा कायदा नाही, आणि माहिती अधिकाराच्या कलम २४ ने तो कक्षेबाहेर ठेवला आहे. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्याला माझ्यावर पाळत का, हे लिहून विचारायचं झालं, तर पाकिटावर पत्ता कोणाचा घालायचा?

इथे निदान तो पत्ता आहे. एझिओच्या अधिकारांत बदल करणारं विधेयक आलं, की संसदेची संयुक्त समिती निवेदनं मागवते. आमच्या मंडळातली एक मुलगी, शिकायला आलेली आणि आता इथेच नोकरी करणारी, मला म्हणाली, 'ताई, मला लिहायचंय. पण नाव दिलं तर पीआरचं, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचं, काही होईल का?' मी तिला १७ए कलम वाचून दाखवलं. काहीही होणार नाही, अशी हमी मात्र दिली नाही, कारण ती द्यायला मी कोण? हल्ली निवेदन स्वीकारलं गेलं, की संसदेच्या वेबसाइटवर येतं. १९७४ मध्ये लिहिणाऱ्याला सरकारचीच भीती होती. हिला पुढच्या कंपनीची, घरमालकाची, गावाकडच्या नातेवाइकांचीही आहे, कारण तिचं नाव शोधलं की ते पान कोणालाही दिसणार. म्हणून नाव झाकून ठेवण्याची किंवा सगळंच निवेदन गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिचं निवेदन दोनदा वाचलं, 'मला असं वाटतं' आणि 'माझ्या बाबतीत असं घडलं' हे वेगळे केले. नाव झाकायचं असं तिचं जवळजवळ ठरलं होतं. शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहून झाल्यावर तिने विचार बदलला, आणि खाली पूर्ण नाव टाइप केलं, आडनावासकट.